पॅकेज बघा, पण दुसरी नोकरी कुठे मिळेल तेही बघा

जून-जुलै आला की नात्यातली, शेजारपाजारची पोरं आयटीतल्या नोकरीचं विचारायला लागतात. "ताई, बंगलोर घेऊ की पुणं?" "मावशी, हैदराबादवाले वर्षाला दोन लाख जास्त देतायत, जाऊ का?" फोनवर प्रत्येकाला तेच तेच सांगून झालंय, म्हणून एकदा सविस्तर लिहिते. या तिन्ही शहरांत मी नोकरी केली आहे, तिन्हीकडे भाड्याने राहिले आहे.

हातातली ऑफर महत्त्वाची आहेच. पण ती नोकरी गेली तर घर न हलवता, मुलांची शाळा न बदलता दुसरी मिळेल का, हे आधी विचारा. 2022 च्या शेवटापासून आपल्या आयटी क्षेत्रात कशी नोकरकपात झाली ते सगळ्यांनी पाहिलंय. सकाळी मीटिंगचं बोलावणं येतं, संध्याकाळपर्यंत लॅपटॉप जमा. माझ्या ओळखीत ज्यांच्यावर ही वेळ आली त्यातले काही महिन्याभरात उभे राहिले, काहींना वर्ष लागलं. हुशारीत त्यांच्यात फार फरक नव्हता. ते कुठे राहत होते, त्याने फरक पडला.

या कसोटीवर बंगलोर पहिलं, हे मराठी माणसाने मोकळेपणाने मान्य करावं. तिथे भारतीय विज्ञान संस्था 1909 पासून आहे. पुढे विमानं बनवणारी एचएएल आली, इस्रो आली, आणि 1985 मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन चिप कंपनीने आपलं केंद्र तिथे काढलं. इन्फोसिस तर 1981 मध्ये आपल्या पुण्यात सुरू झाली आणि दोनच वर्षांत बंगलोरला गेली. मला ते आजही टोचतं. अशी दशकानुदशकं साठत गेलेली माणसं तिथे आहेत, म्हणून चिप डिझाइन, कंपायलर, डेटाबेसचं इंजिन असलं खोल काम करायचं असेल तर पंचविशीत खुशाल बंगलोरला जा. एक कंपनी सोडली तर त्याच रस्त्यावर दुसरी आहे.

त्याची किंमतही मोजावी लागते. पुण्यात दोन-तीन महिन्यांच्या डिपॉझिटवर अकरा महिन्यांचा करार होतो. बंगलोरला घरमालकाने माझ्याकडे दहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागितलं होतं. नुकती नोकरी लागलेल्या मुलाने ते आणायचं कुठून? पाण्याचं तर विचारूच नका. कावेरीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून, चढावर पंप करून आणलेलं. 2024 च्या उन्हाळ्यात हजारो बोअरवेल कोरड्या पडल्या आणि पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर पाच हजार रुपये दंड लागला. ऑगस्ट 2025 मध्ये मेट्रोची यलो लाइन सुरू झाली, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक सिटीत जाणाऱ्यांना आता सिल्क बोर्डच्या चौकात अडकण्यावाचून दुसरा पर्याय तरी आहे. आउटर रिंग रोडवर ऑफिस असेल तर मात्र घर चालत जाण्याइतकं जवळ घ्या, भाडं चार हजार जास्त पडलं तरी.

हैदराबादबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. 1998 मध्ये तिथे सायबर टॉवर्स ही आयटी कंपन्यांसाठीची इमारत उभी राहिली. पुढे तिथे 158 किलोमीटरचा बाह्यवळण रस्ता पुरासुद्धा झाला, आपल्या पुण्याच्या रिंगरोडसारखा वर्षानुवर्षं नकाशावर राहिला नाही. गचिबोली, कोंडापूर, नानकरामगुडा या टापूत मोठ्या कंपन्या एकमेकींना लागून आहेत, आणि ऑफिसपासून अर्ध्या तासात बरं घर मिळतं. नांदेड, देगलूर, उदगीरच्या मुलांना मी नेहमी सांगते, तुम्ही पुण्याच्या मागे का धावता? नांदेडहून हैदराबाद पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, पुणं साडेचारशे. आपल्या आजोबांच्या पिढीला हैदराबाद परकं नव्हतंच, 1956 पर्यंत मराठवाडा त्याच राज्यात होता. सुलतानबाजार भागात मराठी घरं, मराठी शाळा आजही आहेत. आईवडील गावाकडे एकटे असतील तर रात्री फोन आल्यावर सकाळी त्यांच्याजवळ पोचता येणं ही चैन नव्हे. बंगलोरला असताना माझ्या टीममधल्या सांगलीच्या मुलाचे वडील पडले. तो रात्रभर बसमध्ये बसून होता आणि पहाटे बेळगावजवळ मला मेसेज करत होता, "ताई, अजून फोन उचलत नाहीयेत." त्याने पुढे पगार कमी घेतला आणि पुण्याला आला. त्याने केलं ते योग्यच केलं.

आता पुणं. नवराबायको दोघांनी नोकरी करायची असेल, आणि दोघांची क्षेत्रं वेगळी असतील, तर मला पुण्याइतकं सोयीचं शहर दिसत नाही. चाकण, तळेगाव, रांजणगावला कारखाने. हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यात सॉफ्टवेअर. आणि आता गाड्यांमध्येच इतकं सॉफ्टवेअर आलंय की दोन्हीच्या मधली नोकरीही इथेच मिळते. माझा नवरा चाकणला आहे, मी हिंजवडीत. आम्ही दोघंही एका घरात राहून आपापलं काम करू शकतो, हे आम्हाला बंगलोरला जमलं नसतं.

पण हिंजवडीचे जे हाल करून ठेवलेत त्याचा मला मनापासून संताप येतो. जुलैतल्या संध्याकाळी सहाला आयटी पार्कच्या फेज तीनमधून बस निघते. फेज दोनला पोचेपर्यंत पावसाचं पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंत आलेलं असतं, दुचाकीवाले पाय वर धरून फुटपाथ शोधत असतात आणि फुटपाथच नसतो. शिवाजी चौक, भूमकर चौक, वाकडचा पूल करत घरी पोचेपर्यंत मुलं जेवून झोपलेली. रस्ता एमआयडीसीचा, पलीकडे ग्रामपंचायत, वरून पीएमआरडीए म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, शेजारी पिंपरी-चिंचवड महापालिका; ओढा बुजला तर जायचं कुणाकडे? माण-हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर 2018 मध्ये झालं आणि मार्च 2025 ची मुदतही टळली. देशाला एवढा महसूल देणाऱ्या जागेचा कारभार एका यंत्रणेकडे द्या, एवढीच मागणी आहे आणि ती वर्षानुवर्षं तीच आहे.

नाशिक, कोल्हापूर, नागपूरबद्दल लिहिताना मला जड जातं, कारण राहायला ती शहरं खरंच सुखाची आहेत. कोविडमध्ये कितीतरी जण गावी गेले, काहींनी तिकडे फ्लॅटही घेतले. नंतर कंपन्यांनी आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला या म्हटलं आणि तो फ्लॅट रिकामा ठेवून पुण्यात पुन्हा भाडं सुरू झालं. घरून काम करण्याची सवलत कंपनी देते तशी काढूनही घेते. नागपूरला विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पात चांगल्या कंपन्या आहेत, पण पहिली सुटल्यावर दुसरीकडे तुमच्या कामाची जागा असेलच असं नाही. ज्यांचे स्वतःचे परदेशी क्लायंट आहेत, त्यांनी मात्र जरूर जावं.

शहर कुठलंही घ्या, पहिली दोन वर्षं भाड्याने राहा. घर घ्यायची घाई करून ईएमआयपायी नको त्या नोकरीला चिकटून राहिलेली माणसं मी फार पाहिली. आणि घर बघायला रविवारी जाऊ नका. पावसाळ्यातल्या मंगळवारी, ऑफिस सुटायच्या वेळी, तुमच्या ऑफिसपासून त्या घरापर्यंत स्वतः जाऊन बघा. एप्रिल-मेमध्ये रोज किती टँकर येतात ते बिल्डरच्या माणसाला न विचारता वॉचमनला विचारा, आणि टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलाय की वेगळा घेतात, ते सोसायटीतल्या एखाद्या भाडेकरूकडून काढून घ्या.