इयान फ्लेमिंग खरोखर बाँड होते का?

जेम्स बाँडचा नवा चित्रपट येणार अशी कुणकुण लागली की एक जुना मजकूर समाजमाध्यमांवर पुन्हा फिरू लागतो. त्याचा आशय असा, की बाँडचे जनक इयान फ्लेमिंग स्वतःच बाँड होते: परदेशी बातमीदाराचा बुरखा पांघरून त्यांनी मॉस्कोत हेरगिरी केली, युद्धात शत्रूच्या मुलखात कामगिऱ्या फत्ते केल्या, पोर्तुगालमधल्या कॅसिनोत जर्मन हेरांना लुटले, आणि युद्धानंतरची त्यांची वृत्तपत्रीय नोकरीही निव्वळ देखावा होती. यातला प्रत्येक दावा कुठल्या तरी खऱ्या घटनेला चिकटलेला असल्याने तो सहज खपतो.

मॉस्कोत फ्लेमिंग गेले ते १९३३ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, रॉयटर्स या वृत्तसंस्थेचे बातमीदार म्हणून. मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स या कंपनीच्या सहा ब्रिटिश अभियंत्यांवर तिथे खटला चालू होता. हेरगिरीचा आरोप होता तो या अभियंत्यांवर. फ्लेमिंग त्या खटल्याच्या बातम्या पाठवत होते. त्याच वर्षी त्यांनी रॉयटर्स सोडली आणि पैशासाठी लंडनच्या बँकिंग व्यवसायात शिरले. इतका सोयीचा बुरखा कोणताही हेर असा फेकून देणार नाही. १९३९ मध्ये मात्र ते लंडनच्या 'टाइम्स'तर्फे पुन्हा मॉस्कोला गेले आणि तिथली निरीक्षणे त्यांनी परराष्ट्र खात्यापर्यंत पोचवली, हे मान्य केले पाहिजे. त्या मजकुरातला सर्वांत भक्कम धागा हाच, आणि नेमका तोच त्यात नसतो.

युद्धकाळात ते नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख जॉन गॉडफ्री यांचे खाजगी सहायक होते. त्यांचे काम लंडनमध्ये, नौदल मुख्यालयाच्या ३९ क्रमांकाच्या खोलीत, टेबलावर चालले: टिपणे लिहिणे, इतर खात्यांशी संधान बांधणे, योजना मांडणे. जर्मन विमान समुद्रात कोसळल्याचा बनाव करून शत्रूच्या नौकेवरून एनिग्मा या जर्मन संदेश-संकेतन यंत्राची सांकेतिक पुस्तके पळवण्याची 'रूथलेस' योजना त्यांचीच. ती कधी अमलात आली नाही. शत्रूची कागदपत्रे हस्तगत करणाऱ्या '३० असॉल्ट युनिट'च्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता, पण प्रत्यक्ष लढले ते त्या तुकडीचे सैनिक. ऑगस्ट १९४२ मधला, जर्मनव्याप्त फ्रान्समधल्या दिएप बंदरावरचा दोस्त सैन्याचा हल्ला फ्लेमिंग यांनी किनाऱ्याबाहेरच्या जहाजावरून पाहिला. सांकेतिक संदेश फोडण्याचे गुपित ठाऊक असलेला माणूस शत्रूच्या हाती पडता कामा नये, हा तेव्हाचा दंडकच होता. म्हणजे जितके अधिक ठाऊक, तितके रणांगण दूर.

बातमीदार आणि प्रत्यक्ष मैदानात उतरून शत्रूला चकवणारा फ्लेमिंग हवाच असेल, तर तो त्याच घरात सापडतो. 'टाइम्स'साठी दूरदूरच्या मुलखांतून लिहिणारे थोरले बंधू पीटर यांनी १९४२ मध्ये ब्रह्मदेशात इरावतीवरच्या आवा पुलाजवळ, सेनापती वेव्हेल घाईत सोडून गेले असे भासावे म्हणून, एक मोटार बनावट कागदपत्रांसह टाकून दिली होती. पुढे जपान्यांची दिशाभूल करणारा विभाग त्यांनी दिल्लीतून चालवला. आपल्याकडे फिरणाऱ्या मजकुरात दिल्लीचा हा फ्लेमिंग कुठेच नसावा, याचे नवल वाटते.

कॅसिनोची गोष्ट फ्लेमिंग यांनी स्वतःच रंगवून सांगितली. १९४१ मध्ये पोर्तुगालमधल्या एस्तोरिलला त्यांच्यासोबत गॉडफ्री होते. गॉडफ्रींच्या आठवणीप्रमाणे समोरचे खेळाडू पोर्तुगीज होते, आणि फ्लेमिंग हरले.

उरली युद्धानंतरची नोकरी. केम्सली वृत्तपत्रसमूहाचे परदेशी व्यवस्थापक म्हणून ते जगभरच्या बातमीदारांची व्यवस्था पाहत. त्यांतले काही जण पूर्वी गुप्तवार्ता खात्यात होते, याचा पुरावा म्हणून वापर होतो. पण १९४५ मध्ये परकीय भाषा जाणणारे सुशिक्षित ब्रिटिश शोधू लागल्यास त्यांतले अनेक युद्धात अशाच खात्यांतून गेलेले असणार. शिवाय हे काम खरे होते: वार्तापत्रे मागवणे, खर्चाला मंजुरी देणे, मजकूर वेळेवर छापायला देणे. देखावाच करायचा असता तर हा व्याप कोण सांभाळणार? गॉडफ्रींच्या कचेरीत फ्लेमिंग उपयोगी पडले तेही बऱ्याच अंशी रॉयटर्समध्ये अंगी बाणलेल्या वेगवान आणि नेमक्या लेखनामुळे. बाँडची पहिली कादंबरी त्यांनी १९५२ मध्ये, याच नोकरीतून दर हिवाळ्यात मिळणाऱ्या दीर्घ रजेत, जमैकातल्या घरी लिहिली.