‘ट्रकवाल्यांचे लाड कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची कॉमेंट वाचली. राग वगैरे काही नाही, उलट एवढी लांब पोस्ट शेवटपर्यंत वाचून मग कोणी झोडपलं तर बरंच वाटतं :) बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की कांद्याच्या धंद्यात पैसा जितका लिलावात ठरतो तितकाच गाडी कधी आणि कशी पोचते त्यावर ठरतो. दादांचं म्हणणं असं, की वाहतूक हा निव्वळ खर्च आहे, कांदा लासलगावात असतो तोच दिल्लीत असतो, मालात काडीची भर पडत नाही, मग सर्वात स्वस्त जो नेईल त्याला द्यावा. आणि रेल्वे स्वस्त असताना ट्रकवाल्यांचे लाड कशाला.

आता ‘तोच कांदा’ म्हणता ना, तिथंच घोडं पेंड खातं. तोच नसतो हो. कांदा गोणीत भरला तरी श्वास घेत असतो, पाणी सोडत असतो, वजन उतरत असतं, आणि हवा नाही मिळाली की आतून गरम होऊन कोंब तरी फुटतो नाहीतर सडतो. म्हणून व्यापाऱ्याच्या खळ्यावर गाडी भरताना बघा कधी, जाळीच्या गोण्या, मध्ये हवा जायला जागा, ताडपत्री फक्त वरून आणि बाजू जमेल तेवढ्या मोकळ्या, पाऊस आला तर ड्रायव्हर-क्लिनर ढाब्यावर उतरून ती खाली ओढणार आणि ऊन पडलं की परत वर घेणार. हे काम बिल्टीवर, म्हणजे ट्रकच्या मालपावतीवर, कुठं लिहिलेलं नसतं.

तुम्ही हिशेबाचा माणूस आहात असं लिहिलंय, तर हिशेबच करू. समजा २० टन माल, भाव किलोला २५ रुपये, म्हणजे ५ लाखांचा कांदा. तुम्ही किलोमागे ५० पैसे स्वस्त भाडं शोधलं, वाचले १० हजार. पण स्वस्त म्हणून माल दोन दिवस जास्त अडकला आणि घट नेहमीपेक्षा फक्त २ टक्के वाढली तर ४०० किलो गेले, म्हणजे तेच १० हजार. वाचलं काय, शून्य. आणि दिल्लीच्या आझादपूर मंडीत गोणी फोडल्यावर ओला वास आला आणि बोली किलोला रुपयानं खाली आली तर वर अजून वीसेक हजार गेले. हा तोटा वाहतूक खर्चाच्या रकान्यात कधीच दिसत नाही, तो ‘भाव मिळाला नाही’ या नावाखाली जातो आणि शिव्या दलाल खातो.

बरं आता रेल्वे. टनामागे किलोमीटरला रेल्वे स्वस्त, यावर वादच नाही. पण कांदा खळ्यातून चालत वाघिणीत, म्हणजे मालगाडीच्या डब्यात, जात नाही. खळ्यातून ट्रकमध्ये, ट्रकमधून रेल्वेच्या मालधक्क्यावर, तिथून वाघिणीत, दिल्लीला परत वाघिणीतून ट्रकमध्ये आणि मग मंडीत. प्रत्येक ठिकाणी हमाली, प्रत्येक ठिकाणी गोणी आपटणार. थेट ट्रक म्हणजे एकदा भरला आणि एकदा उतरवला, संपलं.

दुसरं म्हणजे रेक, म्हणजे अख्खी मालगाडी. ऑक्टोबर २०२४ मध्ये सणासुदीत दिल्लीतले भाव खाली आणायला सरकारनं कांदा एक्सप्रेस पाठवली ते आठवत असेल, ४२ वाघिणी, साधारण १,६०० टन. २० टनांची एक गाडी धरली तर ८० गाड्यांचा माल एका दमात! सरकारला ते जमतं कारण माल बफर स्टॉकचा, म्हणजे सरकारी साठ्याचा, आणि भाव पाडणं हाच उद्देश. एखाद्या व्यापाऱ्यानं एवढा माल गोळा करायचा म्हणजे आधी पैसा अडकवायचा, रेक लागेपर्यंत माल थोपवायचा, लागला की ठरलेल्या तासांत भरून द्यायचा नाहीतर डेमरेज म्हणजे उशिराचा दंड, आणि तिकडे ८० गाड्यांचा कांदा एकदम उतरल्यावर भाव आपणच पाडायचा. हे कोण करणार? त्यापेक्षा रोज दोन-तीन गाड्या सुटतात ते बरं, एका गाडीचा भाव पडलेला कळला तर दुसरी इंदूरला नाहीतर जयपूरला वळवता येते. रेक वळवून दाखवा.

म्हणून मी रेल्वेच्या विरोधात आहे असं नका समजू. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये बांगलादेशच्या सीमेवर ट्रक अडकले तेव्हा लासलगावहून थेट बांगलादेशातल्या दर्शना स्टेशनला रेक गेले, तिथं रेल्वे नसती तर माल कांदाचाळीतच राहिला असता. त्याच वर्षी ७ ऑगस्टला देवळाली-दानापूर किसान रेल्वे सुरू झाली, पुढे सांगोल्याचं डाळिंब बंगालात शालिमारपर्यंत गेलं. तिथं अख्खा रेक भरायची अट नव्हती, थोडा माल असला तरी घेत होते, आणि वेळापत्रक होतं. अर्धं भाडं सरकार भरत होतं हेही खरं, ते विसरून चालणार नाही. पण डाळिंबवाल्याला विचारलं तर तो सबसिडीइतकंच ‘अमुक दिवशी पोचते’ हे सांगायचा.

दिवसाची किंमत काय असते ते द्राक्षवाल्यांना विचारा. प्रीकूलिंग करून, म्हणजे आधीच झटकन थंड करून, शीतगृहात ठेवलेला माल, पेटीत ग्रेप गार्ड (बुरशी रोखणारा कागद), रीफर म्हणजे थंड कंटेनर, पिंपळगावहून न्हावा शेवा बंदर, आणि तिथं गेट कट-ऑफ, म्हणजे कंटेनर आत घ्यायची शेवटची वेळ, चुकला की जहाज गेलं, पुढचं मिळेपर्यंत कंटेनर विजेच्या प्लगवर आणि मीटर चालू. नोव्हेंबर २०२३ पासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बोटी आफ्रिकेला वळसा घालून युरोपला जायला लागल्या, तेव्हा भाडं वाढलं त्याची बोंब सगळ्यांनी ऐकली. पण खरं दुखणं वाढलेल्या दहा-पंधरा दिवसांचं होतं. देठ हिरवा राहिला तर भाव आहे, तपकिरी झाला की तिकडचं सुपरमार्केट तोंड वाकडं करणार. भाडं निदान आधी कळतं तरी, देठाचं काय ते पेटी उघडल्यावर.



शेवटी तुम्ही विचारलंय, ‘तुमचा स्वतःचा माल असता तर काय केलं असतं?’ लाल कांदा असेल तर डोळे झाकून ट्रक, ओळखीचा ट्रान्सपोर्टवाला, भाडं दोन पैसे जास्त गेलं तरी चालेल, कारण तो कांदा टिकतच नाही. चाळीत चांगला सुकलेला उन्हाळ कांदा असेल, जायचं असेल बंगाल नाहीतर आसामला, आणि चार-पाच व्यापारी मिळून रेक भरत असतील तर रेल्वे, शंभर टक्के रेल्वे. फक्त पावसाळ्यात पाठवणार असाल तर उतरायच्या धक्क्यावर शेड आहे का ते आधी फोन करून विचारून घ्या.