सूत्रसंचालकांनी उपमा कशी द्यावी

माईक हातात आला की विचार करत बसू नका, सरळ उपमा ठोका. व्याकरणात उपमेची चार अंगं सांगितली आहेत: उपमेय (ज्याला उपमा द्यायची ते), उपमान (ज्याची द्यायची ते), साधारण धर्म (दोघांत सारखा असलेला गुण) आणि साम्यवाचक शब्द. एवढी खटपट तुम्हाला कशाला? 'सारखा', 'प्रमाणे', 'जणू' पाठ करा, बाकीचं श्रोते पाहून घेतील. ('जणू' आला की ती उत्प्रेक्षा होते, म्हणजे उपमेय जणू उपमानच आहे अशी कल्पना, पण मंचावर कोण विचारतंय!)

उपमान मोठंच घ्या. हिमालय, सागर, वटवृक्ष. सत्कारमूर्ती नगरसेवक असेल तर तिन्ही.

सूर्य तर सोडूच नका. परवा धंतोलीत आमच्या बाईंचा निरोप समारंभ होता. मे महिना, बाहेर ४५ अंश, कूलरमधलं पाणी संपून नुसत्या झळा येताहेत, आणि सूत्रसंचालक म्हणतात, "बाई सूर्यासारख्या तेजस्वी!" अहो, मे महिन्यात नागपूरकराला सूर्याचा एकच धर्म आठवतो, आणि तो तेज नव्हे. उपमान तेच असलं तरी ऐकणारा त्यातलं काय उचलेल हे गाव आणि ऋतू ठरवतात, भाऊ. पण गडी थांबेना. पुढच्याच वाक्यात बाई चंद्रासारख्या शीतल झाल्या. मग समई, मग चंदन, मग गंगा, मग रामटेकच्या गडासारख्या अढळ. रामटेक! मेघदूतातला रामगिरी तो हाच, असं मानणारे पुष्कळ. 'उपमा कालिदासस्य' असं ज्याच्याबद्दल म्हणतात, त्याच्या अंगणात ही उधळण!

कविता येत असेल तर मध्येच म्हणा. येत नसेल तर दोन म्हणा.

आणि बाई कोण? मराठीच्या. निबंधात कोणी "आई सागरासारखी" लिहिलं की समासात लाल शाईनं एकच शब्द यायचा: "कशात?" खोलीत, की खारटपणात? ते सांगता आलं नाही तर वाक्य खोडायचं. त्या बाई समोर बसून पदरानं वारा घेत हे सगळं ऐकत होत्या, आणि तुम्ही त्यांचं आडनाव दोनदा चुकवलंत.

आळस आहे हा, दुसरं काही नाही. मागच्या कुठल्यातरी कार्यक्रमाचा कागद, वर नुसतं नाव बदललेलं. ज्यांच्याबद्दल बोलायचं त्यांच्या एखाद्या विद्यार्थ्याला एक फोन करवत नाही तुमच्यानं? मग नाव नीट वाचा, हार द्यायला लावा आणि बाजूला व्हा. मागे आलूबोंडे गार होतात.