'फीमेल हवी आहे'

सकाळी साडेसातला सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला. वर कुणीतरी पाठवलेला गुड मॉर्निंगचा सूर्य, खाली कुणाची तरी हरवलेली दुधाची पिशवी, आणि मधोमध हे: "आमच्या ब्रूनोसाठी फीमेल हवी आहे. लॅब, प्युअर, डबल बोन. वय १४ महिने. एक पिल्लू आम्हाला." लगेच हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. एकानं विचारलं, "हुंडा किती?" दुसरा म्हणाला, "आधी पत्रिका पाठवा."

मी चहा गाळत होते. गाळणी ओट्यावर तशीच ठेवून मी जे काही टाइप केलं ते दोन मिनिटांत डिलीट केलं, पण तोवर बऱ्याच जणांनी वाचलं होतं. आता दिवसभर ते मनात घोळतंय, म्हणून इथे, आपल्या कुत्रेवाल्यांच्या ग्रुपवर, लिहिते. इथे तुम्ही सगळे आपलेच आहात, तुम्हाला पहिल्यापासून समजावत बसायला नको.

चौदा महिने! अहो, चौदा महिन्यांचं लॅब्राडोर कुत्रं म्हणजे नुकतं मिसरूड फुटलेलं पोर. अजून चपला चावतंय, अजून गेटवरच्या वॉचमनकाकांना बघून उत्साहात मुततंय. त्याचं हाड पक्कं झालं की नाही कुणाला ठाऊक नाही. खुब्याच्या सांध्याचा एक्स-रे काढून शेवटचा निकाल द्यायचा तर काही ठिकाणी कुत्र्याला दोन वर्षं पूर्ण व्हावी लागतात. आणि हा निघाला बोहल्यावर चढायला.

गंमत म्हणजे त्या अख्ख्या ग्रुपवर 'पत्रिका पाठवा' म्हणणारा तो एकटाच शहाण्यासारखं बोलला होता, आणि ते त्याला स्वतःलाच कळलं नाही.

मी एवढी का चिडते? कारण हा गाढवपणा मी स्वतः केलेला आहे.

२०१४. आमची चिंगी, पिवळी लॅब, तीन वर्षांची. दर माजाला आई म्हणायची, "एकदा तरी आई होऊ दे गं तिला. बाईचा जन्म आहे." कुत्रीच्या जन्माला बाईचा जन्म म्हणणारी आमची आई, आणि ते ऐकून डोळ्यांत पाणी आणणारी मी. बाबांच्या ऑफिसातल्या एकांकडे देखणा नर होता. काय त्याचं डोकं, काय ती छाती! आम्ही तेवढंच बघितलं. त्याचा खुबा, डोळे, त्याच्या आईबापांना काय दुखणं होतं, यातलं काही विचारायचं असतं हे आमच्या गावीही नव्हतं. चिंगीचा तरी एक्स-रे कुठे काढला होता? 'गोड आहे' हे आमचं एकमेव प्रमाणपत्र.

बासष्टाव्या रात्री, डिसेंबरच्या थंडीत, चिंगी आईच्या जुन्या साड्यांवर व्यायली. आठ पिल्लं. एक सकाळपर्यंत गेलं. उरलेली सात इतकी सारखी दिसायची की आईनं शिवणाच्या डब्यातले दोरे काढून प्रत्येकाच्या गळ्यात एकेक रंग बांधला. लाल, निळा, काळा, पांढरा, पिवळा, जांभळा, हिरवा. माना भराभर वाढायच्या म्हणून दर दोन दिवसांनी दोरे सोडून पुन्हा बांधायचे. मला अजून त्या गाठी बोटांत आठवतात.

पहिले तीन आठवडे स्वर्ग. नंतर काय होतं ते कुणी सांगत नाही. सात पिल्लं दिवसातून किती वेळा शी करतात? घरची रद्दी संपली, शेजाऱ्यांची मागून आणली, तीही संपली. त्यांना सुईसारखे दात आले आणि चिंगीच्या आचळांवर ओरखडे उठले. ती पिल्लांना बघून सोफ्यावर पळायची. पस्तिसाव्या दिवसापासून आम्ही वाटायला सुरुवात केली. 'चांगली घरं' बघून हो! चांगलं घर म्हणजे आमच्या ओळखीतलं, एवढाच निकष.

ज्या आईपणासाठी एवढा घाट घातला ते आईपण आम्हीच पस्तीस दिवसांत तिच्या पुढ्यातून उचलून नेलं. लाल दोरा गेला त्या रात्री ती कपाटाखाली नाक घालून हुंगत होती. निळा दोरा नव्या घरी सहाव्या दिवशी पार्व्हो या विषाणूच्या आजारानं गेला. रक्ताची हगवण, सलाईन, संपलं. फोन आला तेव्हा आम्ही "अरेरे" म्हणालो. आमचा काही संबंध आहे असं तेव्हा वाटलंच नाही.

आता मला सांगा, माझे आजोबा अडाणी होते का? माणदेशातले, आटपाडीकडचे. शाळा चौथी. गाय माजावर आली की गल्लीतला पहिला दिसेल तो वळू नाही चालायचा त्यांना. खिलार वळू बघायला ते कोसभर चालत जायचे. त्याची आई किती दूध द्यायची, त्याची खोंडं शेतात कशी निघाली, कुणाचा खूर वाकडा, कोण मारकुटं, सगळी चौकशी. पहिल्या वेतात अडली होती का, हेही विचारायचे. खरसुंडीच्या बाजारात तर दात, खूर, शेपूट, भोवरे बघून झाल्याशिवाय उपरण्याखाली बोटं धरून सौदा करायला कुणी तयार नसायचं. खाण तशी माती हे त्यांना पाठ होतं. आणि त्यांची शिकलेली नात 'डबल बोन'वर भाळली. डबल बोन म्हणजे काय हो? कुत्र्याला हाडं दोनदा येतात? तसाच पगला 'पंच फेस', म्हणजे चपटं तोंड. व्यापाऱ्यांनी काढलेले शब्द, आणि आपण ते भक्तिभावानं म्हणतो. त्या पंच फेसच्या नादात नाक इतकं आत गेलंय की बिचाऱ्याला झोपेतसुद्धा श्वास ओढावा लागतो, आणि घरचे म्हणतात, "किती क्यूट घोरतो!"

(पग मोबाईलच्या एका जाहिरातीनं घरोघर पोचला. हस्की कशानं पोचला देव जाणे. बर्फात गाडी ओढणारं जनावर एप्रिलमध्ये पुण्यात बाल्कनीत उभं.)

हिरव्या दोऱ्याकडे येते. तो शेवटी उरला होता, थोडा दांडगा, सगळ्यांत खादाड. शेतघर असलेल्या एकांनी नेला. दहा महिन्यांचा असताना त्यांनी व्हिडिओ पाठवला. पळताना मागचे दोन्ही पाय एकदम उचलून सशासारखा उड्या मारत होता. आम्ही सगळे हसलो. मी तो व्हिडिओ इथेच टाकला होता, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बदाम दिले होते. तिसऱ्या वर्षी फोन आला, "तुमचं कुत्रं घेऊन जा, उठता येत नाही त्याला." तुमचं. तीन वर्षांनी. मला राग आला होता तेव्हा, आता येत नाही. बरोबरच बोलला तो माणूस.

डॉक्टरांनी एक्स-रे लायटीवर लावला. मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत नीट बसायला हवा. हिरव्याची वाटी बशीसारखी उथळ, गोळा निम्मा बाहेर, घासून चपटा झालेला. हिप डिसप्लेसिया. डॉक्टर भले होते. म्हणाले, वजन, गुळगुळीत फरशी, लहानपणी फार खायला घालणं, यानंही वाढतं. मग थोडं थांबून म्हणाले, पण मूळ रक्तातलं. मग त्यांनी विचारलं, "आईबापांचे एक्स-रे आहेत का?" मी फरशीकडे बघत होते.

कायदा आहे हो. २०१७ चे केंद्राचे नियम आहेत कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे. विकण्यासाठी पैदास करायची तर राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. मादी १८ महिन्यांची झाल्याशिवाय नाही, आठ वर्षांनंतर नाही, वर्षातून एकापेक्षा जास्त वेत नाही, आयुष्यात पाचच्या वर नाही. पिल्लू आठ आठवड्यांचं झाल्याशिवाय विकायचं नाही. आठ आठवडे का, तर भावंडांत लोळताना, एकमेकांना चावताना, किती जोरात चावलं की दुसरं ओरडतं हे ते शिकतं. ते शिकवायला आपण नंतर ट्रेनर लावतो. पण पाळतो कोण? पिल्लं कापडी पिशवीतून, ट्रॅव्हल्सच्या डिकीतून फिरतात. आपणही 'जितकं लहान तितका लळा' म्हणत तीस दिवसांचं पिल्लू छातीशी धरून फोटो काढतो. विकणाऱ्याला शिव्या घालताना घेणारा मी-तू सोडून दुसरा कोण असतो?

'विकत कशाला, दत्तक घ्या' म्हणणारे आता येतीलच कमेंटमध्ये. बरोबर आहे तुमचं. मीही तेच म्हणते.

आणि हो, चांगले ब्रीडर असतात. कमी, पण असतात. मावसबहिणीनं गेल्या वर्षी घेतलं तेव्हा त्या बाईंनी हिचीच उलटतपासणी घेतली. घर कुणाचं, दिवसभर कोण असतं, आधीचं कुत्रं कशानं गेलं, लिफ्ट आहे का. पिल्लाची आई दाखवली, दोन्हीकडचे एक्स-रे दाखवले, चार महिने थांबायला लावलं आणि लिहून घेतलं की कधीही, कोणत्याही वयात नको झालं तर दुसरीकडे द्यायचं नाही, माझ्याकडे परत आणायचं. बहीण वैतागली होती, "मुलगी द्यायला काढल्यासारखं करतात." मी मनात म्हटलं, हे एवढं एक वाक्य आम्ही २०१४ साली सात घरांकडून लिहून घेतलं असतं तर हिरवा दोन वर्षं आधी परत आला असता.

काळा, पांढरा आणि जांभळा कुठे आहेत मला माहीत नाही. नंबर बदलले. त्यांनाही पिल्लं झाली असतील. तोच खुबा घेऊन.

एवढं लिहून राग थोडा उतरलाय, म्हणून एक कबूल करते. ब्रूनोवाले दादा माणूस वाईट नाहीत. उलट फार चांगले आहेत. हिरवा म्हणजे आमचा हिऱ्या. लोकांना वाटतं हिरा म्हणून ठेवलं नाव. ते दोऱ्यावरून आहे. आता अकरा वर्षांचा आहे. त्याला जिने चढता-उतरता येत नाहीत. मागे लिफ्ट चार दिवस बंद होती तेव्हा दादांनीच पोटाखाली चादर घालून एका बाजूनं उचलून त्याला रोज दोन वेळा खाली नेलं होतं, न बोलावता. ब्रूनोवर त्यांचं प्रेम आहे, यात शंकाच नाही. आमचंही चिंगीवर होतं. मी त्यांना ग्रुपवर 'लाज वाटायला पाहिजे' असं लिहायला नको होतं. जाऊन हिऱ्याचा एक्स-रे दाखवायला हवा होता. तो अजून कपाटात आहे, मोठ्या पिवळ्या पाकिटात.

असो. रात्रीचे नऊ वाजले. हिऱ्या दाराशी जाऊन बसलाय, त्याची खाली जायची वेळ झाली. लिफ्ट दुपारपासून बंद आहे, आणि सकाळी एवढं बोलून बसल्यावर आता फोन कुणाला लावायचा ते बघते.