दोघांत एक धनुष्य घ्यायचं तर माप कुणाचं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

नवराबायकोने रायझर (धनुष्याचा मधला, मुठीचा भाग) एकच घ्यावा, पण लिंब्स (त्याला वर-खाली लागणाऱ्या लवचिक पट्ट्या) आणि बाण दोघांचे वेगळे ठेवावेत, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. तुमच्या मते हा उगाच खर्चात पाडणारा सल्ला आहे. तुमचा भाचा ओहायोत बायकोबरोबर एकाच क्रॉसबोने (बंदुकीसारखा दस्ता आणि घोडा असलेल्या धनुष्याने) हरणाची शिकार करतो, तिथे दोन सेट लागत नाहीत. आणि मुलगा कॉलेजपासून खेळतोय, त्यामुळे त्याच्या मापाचं ३६ पौंडांचं (म्हणजे दोरी ओढायला तेवढा जोर लागणारं) धनुष्य दोघांना भेट दिलं की सून हळूहळू ताकद कमावेल, असंही तुम्ही म्हणता. जरा सविस्तर लिहिते, कारण ठाण्यात आमच्या मैदानावर नवी जोडपी याच विचाराने खरेदी करून येतात, आणि मग खेळ सुटतो तो बहुतेक वेळा बायकोचा.

भाच्याचं म्हणणं खरं आहे. क्रॉसबोची दोरी एकदा ओढली की खटक्यात अडकून राहते. ती किती मागे जाणार हे यंत्र ठरवतं, माणसाचे हात नाही. त्यामुळे घोडा कुणीही ओढला तरी बाण त्याच वेगाने सुटतो. पण तिथेही लहान चणीच्या माणसाचा प्रश्न सुटत नाही, फक्त जागा बदलतो. शिकारीच्या क्रॉसबोची दोरी ओढायला बऱ्याचदा १५० पौंडांहून जास्त जोर लागतो. पुढच्या रिकिबीत पाय रोवून दोरखंडाच्या साधनाने ओढली तर तो जोर साधारण निम्मा होतो, तरीही लहान चणीच्या बाईला तो जड जातो. म्हणून दोघांत एक घेणाऱ्यांनी हँडल फिरवून दोरी चढवणारा, आणि शक्यतो त्याच हँडलने न झाडता दोरी उतरवता येणारा क्रॉसबो बघावा. दस्ता लांब असला तर डोळा दुर्बिणीपर्यंत नीट पोचत नाही आणि पुढचं वजन हातांवर येतं. आखूड हाताच्या माणसाची पुढची पकड बदलते, आणि अंगठा दोरीच्या वाटेत आला तर इजा भयानक होते. भाच्याला विचारून बघा, दोरी दर वेळी कोण चढवतं?

आपल्याकडे शिकारीचा विषयच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ९ ने ती बंद आहे, आणि ठाण्याशेजारचं येऊरचं जंगल तर राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. इथे आपण लक्ष्यावर नेम धरतो, तोही रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेल्या) धनुष्याने, आणि त्यात दोरी कुठवर जाणार हे फक्त शरीर ठरवतं. दोन्ही हात पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर घ्या आणि अडीचने भागा, अंदाजे ड्रॉ लेंथ, म्हणजे दोरी किती मागे ओढली जाईल ते माप, मिळते. माझं हे अंतर १५२ सेंटिमीटर, म्हणजे ड्रॉ लेंथ २४ इंच. नवऱ्याचं १८० सेंटिमीटर, म्हणजे सव्वाअठ्ठावीस. सव्वाचार इंचांचा हा फरक व्यायामाने भरून निघत नाही.

लिंब्सवरचा पौंडांचा आकडा २८ इंचांच्या ओढीचा असतो, आणि दर इंचामागे साधारण २ पौंड कमी-जास्त होतात. त्या हिशेबाने ३६ पौंडांचं धनुष्य माझ्या बोटांवर आपोआप २८ पौंडांचं होईल. 'मग झालं की कमी!' असं तुम्ही म्हणाल. पण नवशिक्या बाईने १८-२० पौंडांवर सुरुवात करावी. २८ पौंड ओढताना तिचा खांदा कानाकडे चढतो, कंबर मागे झुकते, दोरी हनुवटीपर्यंत येत नाही, आणि तीच सवय पक्की होते. ताकद येते ती हलक्या धनुष्यावर योग्य ढबीत शेकडो बाण मारून, मग दोन-दोन पौंड वाढवून. जड धनुष्याने आधी खांदाच दुखावतो. २०२३ मध्ये साताऱ्याची अदिती स्वामी १७ व्या वर्षी बर्लिनला कंपाउंडची (टोकांना चाकं असलेल्या धनुष्याची) जगज्जेती झाली. कंपाउंडमध्ये ड्रॉ लेंथ कॅमवर, म्हणजे त्या चाकांवर, बांधलेली असते, दुसऱ्याच्या मापाचं धनुष्य घेऊन तिथवर पोचताच येत नाही.

आता खर्च. महाग असतो तो रायझर, आणि तो मी एकच घ्या म्हणते, फक्त सुनेच्या पंजात बसेल असा. दोघांचा ओढायचा हात एकच (दोघांचा उजवा किंवा दोघांचा डावा) आहे ना, तेवढं आधी बघा. लिंब्स काढून बदलता येणाऱ्या आयएलएफ पद्धतीचा २३ इंची रायझर घेतला तर शॉर्ट लिंब्स लावून ६४ इंचांचं धनुष्य होतं आणि लाँग लावून ६८ चं. पहिलं माझ्याएवढ्या बाईला, दुसरं तुमच्या मुलाला. दोरी ज्याच्या-त्याच्या लिंब्सबरोबर ठेवायची, बदलायला काही मिनिटं पुरतात. एक लक्षात ठेवा, लिंब्सवरचा आकडा सहसा २५ इंची रायझर धरून लिहिलेला असतो, २३ इंचीवर तो साधारण २ पौंडांनी वाढतो. म्हणजे २४ इंच ओढणाऱ्या बाईला २० पौंड हवे असतील तर २६ लिहिलेले लिंब्स घ्यायचे.

बाणांच्या बाबतीत मात्र मी तडजोड करणार नाही. माझे बाण २६ इंचांवर कापलेले आहेत. ते नवऱ्याने पूर्ण ओढले तर टोक रेस्टच्या (बाण टेकवायच्या आधाराच्या) मागे येऊन खाली घसरेल, आणि सोडल्यावर बाण थेट धनुष्य धरलेल्या हातात घुसेल. उलट त्याचे ताठ बाण मी मारले तर उजव्या हाताने ओढणारीचा नेम डावीकडे जातो, आणि ती बिचारी आपल्यालाच दोष देत बसते. दोघांच्या बाणांची पिसं वेगळ्या रंगाची घ्या, म्हणजे घाईतही अदलाबदल होणार नाही.

ऑर्डर देण्याआधी सुनेला दोन-तीन महिने क्लबच्या धनुष्यावर शिकू द्या, सोसायटीच्या पार्किंगमध्ये नको. तोवर तिच्या पसरलेल्या हातांचं माप आणि कुठल्या डोळ्याने नेम धरते ते इथेच कळवा. लिंब्स कुठले आणि बाण किती लांबीचे, ते मी लिहून देईन.