दहा मिनिटांत बाहेर

ऑफिसच्या ग्रुपवर सकाळपासून गोव्याचा बेत शिजतोय. 'मांडवीतला बोटीवरचा कॅसिनो, खाणंपिणं अनलिमिटेड, फुल पैसा वसूल!' कोणाचा वसूल, एवढंच विचारलं तर मी खडूस.

मागे आईला घेऊन सिंगापूरला धाकट्या भावाकडे गेलो होतो. मरीना बे सँड्सच्या कॅसिनोत आम्ही दोघं पासपोर्ट दाखवून फुकट आत. धाकटा तिथला पीआर, म्हणजे कायमचा रहिवासी, त्याला मात्र आत जायला दिवसाचे १५० डॉलर. 'एवढ्यात महिन्याचा किराणा येतो' म्हणत तो बाहेरच थांबला. आईने आत एक चक्कर मारली, फुकटचा चहा घेतला आणि एक डॉलरही न लावता दहा मिनिटांत बाहेर. वर तक्रार, 'चहा फार गोड होता रे.'

आता आपली मांडवी. जेट्टीवर रांग, मनगटाला पट्टा, मग छोट्या बोटीतून मोठ्या बोटीवर. जेवण, दारू, खेळायची कुपनं, सगळं तिकिटातच. तिकीट वसूल करायचं म्हणून मी तीनदा पनीर टिक्का खाल्ला. साडेबाराला कंटाळा आला, पण भर नदीतून उठून जाणार कुठे? परतीची बोट यायची होती. त्या पाऊण तासात माझे चार हजार गेले. आईला अजून सांगितलेलं नाही.

हो, कोणी हात धरून खेळवलं नाही. मान्य.

पण चीनमधलं कॅसिनोंचं शहर मकाव बघा. तेही पोर्तुगीजांचंच होतं, १९९९ पर्यंत. तशीच चर्च, पायाखाली काळ्यापांढऱ्या दगडांची नक्षी, पणजीची आठवण येतेच. तिथे तिकीट नाही. रस्त्यावरून आत शिरा, नको वाटलं की पुन्हा रस्त्यावर, कोपऱ्यावर गरम एग टार्ट. तिथे लोक बुडत नाहीत का? आपल्यापेक्षा जास्तच बुडत असतील. पण उठून निघावंसं वाटलं तर पायांनी निघता येतं हो! आई निघाली तशी.

आणि गंमत ऐका. गोवा सरकारने २०२० मध्ये गोंयकारांनाच कॅसिनोबंदी केली. आपल्याकडे महाराष्ट्रात कॅसिनोला परवानगी देणारा १९७६ चा कायदा कधी लागूच झाला नाही, २०२३ मध्ये तर रद्दच केला. दोन्ही सरकारांनी आपापल्या घरात सोवळं पाळलं, आणि शुक्रवार रात्रीच्या स्लीपर बसमध्ये कोण? आपण!

असो. चिडून लिहिलं जरा. जा रे पोरांनो, मजा करा, फक्त चढायच्या आधी परतीच्या बोटीची वेळ विचारून ठेवा. माझं बसचं तिकीट काढा, बोटीचं नको. मी मिरामारला किनाऱ्यावर बसतो.