बैठक काही जमेना

बसण्यात शिकण्यासारखे काय असते, असे मला वयाच्या 45 व्या वर्षापर्यंत वाटत होते. मग एके दिवशी टेबलाखाली पडलेले पेन उचलायला मी वाकलो आणि कंबरेत अशी काही उसण भरली की पेन आणि मी, दोघेही बराच वेळ टेबलाखालीच राहिलो.

फिजिओथेरपिस्टबाईंनी नियम सांगितले : पावले जमिनीवर सपाट, कोपर काटकोनात, संगणकाचा पडदा हातभर अंतरावर आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत. ऐकायला सोपे होते. परंतु माझे टेबल बनवणाऱ्याने माझी उंची विचारलेली नव्हती. कोपर काटकोनात यावे म्हणून खुर्ची वर घेतली, तर पाय लोंबकळू लागले. पायांखाली खोके घेतले, तर गुडघे खणावर आदळू लागले. खण काढला, तर त्यातला वर्षानुवर्षांचा ऐवज टेबलावर आला आणि ज्या कोपरांसाठी हा सारा खटाटोप चालला होता, त्यांनाच टेकायला जागा उरली नाही.

लॅपटॉपची खोड तर निराळीच. पडदा डोळ्यांसमोर आणावा तर कीबोर्ड छातीशी येतो, कीबोर्ड हाताशी ठेवावा तर मान खाली जाते. शेवटी वेगळा कीबोर्ड आणून मी लॅपटॉप शब्दकोशाच्या दोन जाडजूड खंडांवर चढवला. तेव्हापासून मला अडणारा प्रत्येक शब्द नेमका खालच्या खंडात असतो. माणसाचे डोके साधारण 5 किलो भरते आणि ते पुढे झुकले की मानेवरचा ताण वाढत जातो, असेही बाई म्हणाल्या होत्या. आत काही नसले तरी वजन तेवढेच भरते, ही पुरवणी घरच्यांनी जोडली.

एवढी सिद्धता करून मी ताठ बसलो. ते आदर्श आसन चार मिनिटे टिकले. पाचव्या मिनिटाला बूड बोटभर पुढे सरकले, पाठीने खुर्चीची साथ सोडली, हनुवटी पडद्याकडे निघाली आणि उजवा पाय, मला न विचारता, डाव्या मांडीखाली जाऊन बसला.

मी अपराधी चेहऱ्याने बाईंकडे गेलो. ‘‘अहो, पुतळ्यासारखे बसून राहा असे कोणी सांगितले?’’ त्या म्हणाल्या. मणक्यांमधल्या चकत्यांना स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. त्यांचे पोषण आजूबाजूने झिरपत येते आणि त्याला हालचालीची मदत होते, म्हणून दर अर्ध्या तासाने उठायचे. म्हणजे शिकवणी लावली बसण्याची आणि धडा निघाला उठण्याचा!

आता मी गजर लावतो. वाक्य ऐन रंगात आले की तो वाजतो. मी उठतो, खिडकीशी जाऊन 20 फुटांपलीकडच्या झाडाकडे 20 सेकंद पाहतो, कारण डोळ्यांचा नियम आणखी वेगळा आहे, आणि परततो तोवर खुर्चीत मांजर पसरलेले असते : मान मुरगळलेली, एक पाय डोक्यामागे, कण्याचे प्रश्नचिन्ह झालेले. त्याची कंबर आजवर एकदाही धरलेली नाही.